सीमेपार जाणारी वैयक्तिक माहिती आणि तिचे संरक्षण : पुण्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाविषयी लोकांशी बोलायला बसले की पहिला प्रश्न बहुधा कायद्याचा नसतो, पत्त्याचा असतो : तक्रार करायची कुणाकडे? हिंजवडीत युरोपीय ग्राहकाचे काम करणारा अभियंता, जर्मनीत शिकणाऱ्या मुलीचे पालक, खात्यातून पैसे गेलेले निवृत्त शिक्षक, या सगळ्यांची मूळ अडचण सारखीच असते. माहिती एका देशात गोळा होते, दुसऱ्या देशात साठवली जाते, तिसऱ्या देशातून हाताळली जाते आणि नियामकाचा अधिकार मात्र त्याच्या देशाच्या हद्दीत थांबतो. ही हद्द ओलांडण्यासाठी जगाने कोणते करार आणि कोणती साधने तयार केली आहेत आणि पुण्यातल्या माणसाला त्यांचा कितपत उपयोग होतो, हे पुढील उत्तरांत सांगितले आहे. ही सर्वसाधारण माहिती आहे. प्रत्यक्ष प्रकरणात वकिलाचा सल्ला घ्यावा.

माहिती ‘परदेशात जाते’ म्हणजे नेमके काय होते?

बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एखादी फाइल ईमेलने पाठवल्याचे चित्र येते. प्रत्यक्षात सोसायटीच्या फाटकावर पाहुण्यांची नोंद ठेवणारे ॲप, रक्ततपासणीचा अहवाल साठवणारी प्रणाली किंवा शिकवणी वर्गाचा प्रवेश अर्ज, यांतील माहिती कोणत्या देशातल्या सर्व्हरवर आहे हे आपल्याला दिसतही नाही. शिवाय फाइल हललीच पाहिजे असे नाही. युरोपातल्या सर्व्हरवरची नोंद खराडीतल्या कार्यालयात बसून पडद्यावर नुसती पाहिली, तरी युरोपीय नियामकांच्या दृष्टीने ते माहितीचे परदेशी हस्तांतरणच ठरते. पुण्यातल्या कित्येक सपोर्ट टीम दिवसरात्र हेच काम करतात, आणि त्यातील अनेकांना आपण हस्तांतरणाच्या कायद्याखाली येतो याची कल्पना नसते.

यासाठी आंतरराष्ट्रीय नियम केव्हा आणि का झाले?

वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा जगातला पहिला कायदा १९७० मध्ये जर्मनीच्या हेसेन राज्याने केला आणि देशपातळीवरचा पहिला कायदा १९७३ मध्ये स्वीडनने. देशोदेशी वेगवेगळे कायदे होऊ लागल्यावर दोन भीती एकदम निर्माण झाल्या. एक अशी की, कडक कायद्याच्या देशातली माहिती ढिल्या कायद्याच्या देशात नेऊन पळवाट काढली जाईल. दुसरी अशी की, या कारणाने देश सीमा बंद करतील आणि व्यापार अडेल. १९८० मध्ये ओईसीडीने, म्हणजे आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने, जी मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली ती या दोन्ही भीतींना उत्तर देण्यासाठी होती. आवश्यक तेवढीच माहिती घ्यावी, घेताना सांगितलेल्या कारणासाठीच ती वापरावी, ती सुरक्षित ठेवावी, व्यक्तीला ती पाहता आणि दुरुस्त करता यावी, ही आज सर्वत्र आढळणारी सूत्रे तिथे एकत्र आली. २०१३ मध्ये त्यांत सुधारणा झाली.

ही तत्त्वे बंधनकारक नव्हती. बंधनकारक आंतरराष्ट्रीय करार युरोप परिषदेने केला. ‘करार १०८’ या नावाने ओळखला जाणारा हा करार २८ जानेवारी १९८१ रोजी सह्यांसाठी खुला झाला, आणि म्हणूनच २८ जानेवारी हा दिवस माहिती संरक्षण दिन म्हणून पाळला जातो. त्याचे वैशिष्ट्य असे की, युरोपाबाहेरचे देशही त्यात सहभागी होऊ शकतात. उरुग्वे, मॉरिशस, सेनेगल, अर्जेंटिना आणि मेक्सिको त्यात आहेत. सायबर सुरक्षा आणि वैयक्तिक माहितीविषयीचा आफ्रिकी संघाचा २०१४ चा मालाबो करार नऊ वर्षांनी, जून २०२३ मध्ये अमलात आला.

भारत यांपैकी कशात आहे?

बहुतेकांत नाही. भारत ओईसीडीचा किंवा अपेक या आशिया-पॅसिफिक गटाचा सदस्य नाही, करार १०८ चा पक्ष नाही, सायबर गुन्ह्यांविषयीच्या २००१ च्या बुडापेस्ट करारातही नाही. २०१९ च्या ओसाका जी-२० परिषदेत माहितीच्या मुक्त प्रवाहाविषयी जे निवेदन निघाले, त्यावरही भारताने सही केली नाही. हे नियम जागतिक व्यापार संघटनेत ठरावेत आणि विकसनशील देशांना स्वतःचे धोरण आखायला वाव राहावा, ही भारताची भूमिका होती. तिच्यात तथ्य आहे, कारण माहिती गरीब देशांतून गोळा व्हावी आणि तिचे मोल श्रीमंत देशांत साठावे, ही व्यवस्था न्याय्य म्हणता येत नाही. पण बाहेर राहण्याची किंमत सामान्य नागरिकाला मोजावी लागते हेही तितकेच खरे. आपल्या नियामकाने परदेशी नियामकाला हक्काने मदत मागावी अशी चौकट त्यामुळे आपल्याजवळ नाही.

एका करारात मात्र भारत आहे. नागरी आणि राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार भारताने १९७९ मध्ये स्वीकारला आणि त्याचे सतरावे कलम खासगीपणात मनमानी हस्तक्षेप करण्यास मनाई करते. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला, तेव्हा या आंतरराष्ट्रीय बांधिलकीचाही आधार घेतला होता.

भारताचा नवा कायदा परदेशी हस्तांतरणाबद्दल काय म्हणतो?

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने आहे : डेटा संरक्षण मंडळाविषयीच्या, म्हणजे या कायद्याच्या नियामकाविषयीच्या, तरतुदी लगेच, संमती व्यवस्थापकांविषयीच्या, म्हणजे लोकांच्या वतीने संमती देणे-काढून घेणे सांभाळणाऱ्या नोंदणीकृत संस्थांविषयीच्या, एका वर्षाने आणि कंपन्यांवरची मुख्य बंधने अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हायची आहेत. तोपर्यंत माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ४३अ आणि त्याखालचे २०११ चे नियम यांच्यावरच भिस्त आहे.

हस्तांतरणासाठी कायद्याने नकारयादीची पद्धत स्वीकारली आहे. सोळाव्या कलमानुसार केंद्र सरकार ज्या देशांवर निर्बंध घालील ते वगळून इतरत्र माहिती नेता येते. युरोपची पद्धत याच्या नेमकी उलट आहे. तिथे पुरेसे संरक्षण असल्याचे आधी दाखवावे लागते. आपली पद्धत उद्योगाला सोपी आहे, पण पलीकडच्या देशात नागरिकाला कोणता हक्क मिळेल हा प्रश्न ती विचारतच नाही, आणि ही मला तिची मोठी उणीव वाटते. परदेशी सरकारच्या किंवा त्याच्या यंत्रणांच्या हाती माहिती देण्याबाबत अटी घालण्याचा अधिकार मात्र नियमांनी केंद्राकडे ठेवला आहे. भारतातील लोकांना वस्तू किंवा सेवा देणाऱ्या परदेशी कंपनीलाही हा कायदा लागू होतो, आणि दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे.

आमची कंपनी हिंजवडीत आहे आणि युरोपातील ग्राहक-कंपनीचे काम करते. आम्हाला कोणता कायदा लागू?

पुण्यात सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. याचे उत्तर दोन बाजूंनी द्यावे लागते.

भारतीय बाजू तुलनेने सोपी आहे. परदेशातील व्यक्तींची माहिती परदेशी कंपनीशी केलेल्या करारानुसार भारतात हाताळली जात असेल, तर २०२३ च्या कायद्याच्या कलम १७ ने बहुतेक बंधनांतून सूट दिली आहे. पण सूट संपूर्ण नाही. सुरक्षेचे वाजवी उपाय करण्याची जबाबदारी कायम राहते, त्यामुळे ‘आपल्याला भारतीय कायदा लागूच नाही’ असे समजणे चुकीचे आहे.

युरोपीय बाजू करारातून येते. जीडीपीआर हा युरोपीय संघाचा माहिती संरक्षणाचा नियम २५ मे २०१८ पासून लागू आहे. भारतातील संरक्षण पुरेसे असल्याची युरोपीय आयोगाची, म्हणजे संघाच्या कार्यकारी यंत्रणेची, सरसकट मान्यता नसल्यामुळे, तुमची ग्राहक-कंपनी बहुधा आयोगाने ४ जून २०२१ रोजी मंजूर केलेली प्रमाणित करारकलमे, म्हणजे हस्तांतरणाच्या करारात घालायचा ठरावीक मजकूर, वापरते. त्यांचे चार नमुने आहेत. माहितीबाबतचे निर्णय घेणारी कंपनी आपल्या वतीने काम करणाऱ्या कंपनीला माहिती देते तेव्हा दुसरा नमुना लागतो; तुम्हाला काम एखाद्या मधल्या युरोपीय कंत्राटदाराकडून मिळाले असेल तर तिसरा. या कलमांचा मजकूर बदलता येत नाही. त्यांची जोडपत्रे मात्र तुमच्याकडून भरून घेतली जातात आणि बहुतेक चुका तिथेच होतात. सुरक्षेच्या उपायांच्या जोडपत्रात कुठून तरी उतरवलेला मजकूर घातलेला मी अनेकदा पाहिला आहे. प्रत्यक्षात कार्यालयात ज्या गोष्टी नसतात त्यांची तिथे लेखी हमी दिलेली असते.

ही कलमे दोन कंपन्यांमधला खासगी मामला नाहीत. ज्या जर्मन किंवा फ्रेंच माणसाची माहिती तुमच्याकडे आहे, तो करारावर सही न करताही यातील अनेक कलमे तुम्हाला पाळायला लावू शकतो. सरकारी यंत्रणेने ती माहिती मागितली, तर शक्य असेल तेथे युरोपीय कंपनीला कळवण्याचे आणि मागणी बेकायदा वाटल्यास तिला आव्हान देण्याचे बंधनही तुमच्यावर येते.

हे बंधन कुठून आले हे समजून घेण्यासारखे आहे. अमेरिकी सरकारच्या पाळतीविषयी एडवर्ड स्नोडेन यांनी केलेल्या गौप्यस्फोटांनंतर मॅक्स श्रेम्स या ऑस्ट्रियन तरुणाने २०१३ मध्ये आयर्लंडच्या नियामकाकडे फेसबुकविरुद्ध तक्रार केली. तिच्यातून युरोपीय न्यायालयाने २०१५ मध्ये युरोपातून अमेरिकेत माहिती नेऊ देणारी ‘सेफ हार्बर’ व्यवस्था आणि १६ जुलै २०२० रोजी तिच्या जागी आलेली ‘प्रायव्हसी शील्ड’ व्यवस्था रद्द केली. दुसऱ्या निकालात न्यायालयाने प्रमाणित कलमे कायम ठेवली, पण नुसती सही पुरेशी नाही, पलीकडच्या देशाचा कायदा ही कलमे पाळू देतो का हे प्रत्येक वेळी तपासा, असे सांगितले. म्हणून आज युरोपीय ग्राहक तुमच्याकडून भारतातील सरकारी पाळत आणि दूरसंचार कायद्यांविषयीची लांबलचक प्रश्नावली भरून घेतात. ती कटकट समजून भराभर उरकू नये. २०२३ मध्ये फेसबुक चालवणाऱ्या मेटा कंपनीला १.२ अब्ज युरोंचा दंड झाला, तो प्रमाणित कलमे वापरूनही अमेरिकेत माहिती पाठवत राहिल्याबद्दल.

एकाच समूहातल्या कंपन्यांसाठी ‘बंधनकारक कॉर्पोरेट नियम’ हे दुसरे साधन आहे. त्यांना नियामकाची मंजुरी लागते आणि वेळही बराच लागतो, त्यामुळे मोठ्या समूहांनाच ते परवडते.

आम्ही पुण्यातून थेट युरोपीय ग्राहकांना ॲप विकतो. तेव्हा काय?

तेव्हा जीडीपीआर तुम्हाला थेट लागू होतो, मधल्या कराराची वाट न पाहता. अपवादात बसत नसाल तर युरोपीय संघात लेखी नेमलेला प्रतिनिधीही ठेवावा लागतो.

भारताला युरोपची सरसकट मान्यता का नाही?

अशा मान्यतेला पर्याप्तता निर्णय म्हणतात. जपानला २०१९ मध्ये, दक्षिण कोरियाला २०२१ मध्ये ती मिळाली; अमेरिकेतील नोंदणी केलेल्या कंपन्यांपुरती जुलै २०२३ मध्ये तिसऱ्यांदा व्यवस्था झाली. ही मान्यता देताना आयोग मुख्यतः दोन गोष्टी पाहतो : नियामक स्वतंत्र आहे का, आणि सरकारला माहिती मिळवण्यावर मर्यादा व दाद मागण्याची सोय आहे का. आपल्या कायद्यात केंद्र सरकार सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था इत्यादी कारणांसाठी आपल्या यंत्रणांना संपूर्ण सूट देऊ शकते आणि मंडळाच्या सदस्यांची नेमणूकही केंद्रच करते. या दोन तरतुदी आहेत तशा राहिल्या तर मान्यता मिळणे कठीण आहे, असे माझे मत आहे. ती मिळाली तर पुण्यातल्या लहान कंपन्यांचा कागदोपत्री खर्च मोठ्या प्रमाणात वाचेल, म्हणून या सुधारणांची मागणी उद्योगजगतानेही करायला हवी.

मुलगी जर्मनीत शिकते. ती भारतीय नागरिक आहे. तिला तिथला हक्क मिळतो का?

मिळतो, आणि पूर्ण मिळतो. जीडीपीआर व्यक्तीचे राष्ट्रीयत्व पाहत नाही. विद्यापीठ, घरमालक, विमा कंपनी किंवा अर्धवेळ काम देणारे दुकान, यांपैकी कोणाकडेही ती ‘माझी कोणती माहिती तुमच्याकडे आहे, ती कुठून आली आणि कुणाला दिली’ असे विचारू शकते. उत्तर एका महिन्यात द्यावे लागते. प्रकरण गुंतागुंतीचे असेल तर आणखी दोन महिने घेता येतात, पण तसे पहिल्या महिन्यातच कळवावे लागते. यासाठी सहसा शुल्क घेता येत नाही. पुण्यात बसून जर्मन विद्यापीठाला अर्ज केलेल्या आणि प्रवेश न मिळालेल्या विद्यार्थ्यालाही हाच हक्क आहे, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते.

उत्तर आले नाही तर नियामकाकडे तक्रार करायची. जर्मनीत त्यासाठी एकच कार्यालय नाही. प्रत्येक राज्याचा आपला नियामक आहे आणि बव्हेरियात तर सरकारी व खासगी क्षेत्रासाठी दोन वेगळे आहेत. औंधच्या ब्रेमेन चौकामुळे ज्या शहराचे नाव पुणेकरांच्या तोंडी आहे, त्या ब्रेमेन राज्याच्या नियामकाचे कार्यालय ब्रेमरहाफेन येथे आहे. म्हणून आधी संस्था कोणत्या राज्यात आहे ते पाहावे आणि मगच तक्रार लिहावी. तक्रारीसोबत मूळ विनंतीची तारीख दाखवणारा ईमेल जोडावा. त्यावाचून महिनाभराची मुदत संपली हे सिद्ध करता येत नाही.

वेगवेगळ्या देशांचे नियामक एकमेकांना प्रत्यक्षात मदत करतात का?

युरोपीय संघात करतात, कारण तिथे ते कायद्याने बंधनकारक आहे. कंपनीचे मुख्य कार्यालय ज्या देशात, तेथील नियामक तपासाचे नेतृत्व करतो आणि इतरांना त्यावर हरकत घेता येते. वाद मिटला नाही तर या नियामकांचे मिळून बनलेले युरोपीय मंडळ निर्णय देते. बड्या तंत्रज्ञान कंपन्यांची अनेक प्रकरणे आयर्लंडकडे जातात ती यामुळेच, आणि तिथे वर्षानुवर्षे रेंगाळतात ही तक्रारही रास्त आहे.

संघाबाहेर सहकार्य स्वेच्छेवर चालते. त्यासाठी २०१० मध्ये नियामकांचे जागतिक गोपनीयता अंमलबजावणी जाळे उभे राहिले. त्याच्याही आधीपासून, १९७९ पासून, नियामकांची वार्षिक परिषद भरते. यातून काम होते याचे चांगले उदाहरण म्हणजे ॲशली मॅडिसन प्रकरण. विवाहबाह्य संबंधांसाठीच्या या संकेतस्थळावरील माहिती २०१५ मध्ये फुटली तेव्हा कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाच्या नियामकांनी संयुक्त तपास करून २०१६ मध्ये अहवाल दिला, आणि अमेरिकेच्या व्यापार आयोगाने त्याच वर्षी कंपनीशी तडजोडीचा आदेश मिळवला.

मर्यादा दाखवणारे उदाहरण क्लिअरव्ह्यू एआयचे आहे. इंटरनेटवरून लोकांचे चेहरे गोळा करणाऱ्या या अमेरिकी कंपनीला इटली, ग्रीस आणि फ्रान्सने प्रत्येकी दोन कोटी युरोंचा आणि नेदरलँड्सने २०२४ मध्ये ३.०५ कोटी युरोंचा दंड केला. पण युरोपात कार्यालय नसलेल्या कंपनीकडून दंड वसूल करणे ही वेगळीच गोष्ट आहे. आदेश काढणारा एका देशात आणि आदेश पाळायला लावणारा दुसऱ्या देशात असेल, तर त्या दोघांमध्ये करार असावाच लागतो. भारताच्या २०२३ च्या कायद्यात परदेशी नियामकांशी परस्पर साहाय्याचे प्रकरण असायला हवे होते. ते नाही, याची खंत वाटते.

चोरलेल्या माहितीवरून परदेशातून पैसे काढले गेले तर पोलीस काय करू शकतात?

पहिल्या काही तासांत १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर कळवणे सर्वांत महत्त्वाचे, कारण रक्कम देशातल्या एखाद्या खात्यात असेतोवरच ती गोठवता येते. त्यानंतर राहत्या पत्त्यानुसार पुणे शहर किंवा पिंपरी-चिंचवड पोलिसांकडे जावे. ही दोन वेगळी आयुक्तालये आहेत.

पुरावा परदेशी कंपनीकडे असेल तर तपास अधिकारी तिला सरळ आदेश देऊ शकत नाही. परस्पर कायदेविषयक साहाय्य करारांतून विनंती केंद्रीय गृह मंत्रालयामार्फत जाते. अमेरिकेशी असा करार २००५ पासून लागू आहे. या मार्गाला वेळ लागतो. २०१८ च्या ऑगस्टमध्ये कॉसमॉस बँकेवरील सायबर हल्ल्यात बनावट कार्डे वापरून २८ देशांतून पैसे काढले गेले आणि हाँगकाँगलाही रक्कम वळवली गेली. एकूण सुमारे ९४ कोटी रुपये. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना दोषी ठरवले, पण परदेशी टोकांपर्यंत पोहोचणे किती अवघड असते ते पुण्याने तेव्हा जवळून पाहिले.

डिसेंबर २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने सायबर गुन्ह्यांविरुद्धचा करार स्वीकारला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये हनोईत तो सह्यांसाठी खुला झाला. तो अमलात येण्यास चाळीस देशांचे अनुसमर्थन लागेल. पुरावे लवकर मिळावेत ही गरज खरी आहे. तरीही सरकारांना परस्परांच्या नागरिकांची माहिती सहज मागता येईल आणि नागरिकाच्या बाजूने पाहणारे कोणी नसेल, हा मानवी हक्क संघटनांचा आक्षेपही गंभीरपणे घ्यावा लागेल.

मग माहिती भारतातच ठेवणे हाच उपाय नाही का?

काही माहितीसाठी त्याला अर्थ आहे. रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ च्या परिपत्रकाने पेमेंट प्रणालींची माहिती भारतातच साठवण्याचे बंधन घातले, ते देखरेखीसाठी ही माहिती विनाअडथळा मिळावी म्हणून. परंतु सर्व्हर चाकणला असो की फ्रँकफर्टला, पासवर्ड कमकुवत असेल तर चोरी दोन्हीकडे सारखीच होते. जागा बदलल्याने संरक्षण आपोआप वाढत नाही.

एन्क्रिप्शन आणि आयएसओ प्रमाणपत्र यांनी कायद्याचे काम होते का?

एन्क्रिप्शनने काही प्रमाणात होते. माहिती कुलूपबंद करून परदेशात नुसती साठवायची असेल आणि किल्ली पाठवणाऱ्याकडेच राहणार असेल, तर युरोपीय नियामक त्याला परिणामकारक उपाय मानतात. पण पुण्यातल्या कर्मचाऱ्याला काम करण्यासाठी माहिती उघडीच वाचावी लागते, तिथे हे कुलूप उपयोगी पडत नाही, आणि हेच नियामकांनी २०२० च्या शिफारशींत स्पष्ट म्हटले आहे. अशा ठिकाणी नाव झाकणे, खाते क्रमांकाचे शेवटचे चारच अंक दाखवणे, प्रत्येक नोंद कुणी पाहिली याची नोंद ठेवणे हे उपाय जास्त कामाचे आहेत. रुग्णालयातील औषधचाचण्यांत नावाऐवजी सांकेतिक क्रमांक पाठवतात आणि नावांची यादी रुग्णालयातच ठेवतात, ती चांगली पद्धत आहे. मात्र ती यादी कुठेतरी अस्तित्वात असेपर्यंत ती माहिती वैयक्तिकच राहते.

आयएसओ २७७०१ हे प्रमाणपत्र संस्थेने गोपनीयतेच्या व्यवस्थापनाची घडी बसवली आहे एवढे सांगते. ते हस्तांतरणाचा परवाना नव्हे.

भारतातील एखाद्या सेवेने माझी माहिती कुणाला दिली, हे मी आज विचारू शकतो का?

नव्या कायद्यातील अकरावे कलम लागू झाले की, माहिती ज्या इतर संस्थांना दिली त्यांची नावे मागण्याचा हक्क मिळेल आणि तक्रार नव्वद दिवसांच्या आत निकाली काढावी लागेल. तोपर्यंत २०११ च्या नियमांनुसार कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहावे. त्याने महिनाभरात निवारण करायचे असते, आणि त्याचे नाव व संपर्क कंपनीने संकेतस्थळावर देणे बंधनकारक आहे. बँक तपशील, आरोग्यविषयक नोंदी यांसारखी संवेदनशील माहिती परदेशी पाठवली असेल, तर ‘तिथे तेवढेच संरक्षण आहे हे तुम्ही कसे तपासले’ असेही विचारावे, कारण त्याच नियमांनी ती अट घातलेली आहे.

संमतीचा मजकूर इंग्रजीतच असतो. मराठीत मागता येईल का?

येईल. २०२३ च्या कायद्यानुसार संमतीची विनंती आणि सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागेल, आणि त्या अनुसूचीत मराठी आहे. हे बंधन मुख्य तरतुदींबरोबर लागू होईल. पण सोसायटी, रुग्णालय किंवा शाळा नवे ॲप घेत असेल, तर मराठी सूचनेची अट आजच खरेदीच्या करारात घालून घेता येते.